एमस्क्रिप्टेन: वेग आहे, पण तो मागून घ्यावा लागतो

सी किंवा सी++ मध्ये लिहिलेला जुना, मोठा प्रकल्प ब्राउझरमध्ये चालवायचा असेल, तर एमस्क्रिप्टेनच्या तोडीचे साधन माझ्या मते आजही दुसरे नाही. अलोन झकाई यांनी २०१० मध्ये सुरू केलेले हे मुक्तस्रोत साधन आता एलएलव्हीएम या कंपायलर-संचाच्या आधारे वेबअसेंब्ली, म्हणजे ब्राउझरला थेट चालवता येणारा बायनरी कोड, तयार करते, आणि फोटोशॉपची वेब आवृत्तीही त्याचाच वापर करते. मात्र त्याच्या खोडी ठाऊक नसतील, तर हाती येणारा वेग निराश करू शकतो.

सर्वांत महागात पडणारी खोड लिंकिंगच्या, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली एकत्र जोडण्याच्या, पायरीवर आहे. प्रत्येक फाइल ‘ओ३’ हा वेग वाढवणारा पर्याय लावून कंपाइल केली, पण मेकफाइलमधील (बिल्डच्या सूचना असलेल्या फाइलमधील) लिंकरच्या ओळीत तोच पर्याय लिहायचा राहिला, तर बायनरियन या साधनसंचातील ‘वॅझम-ऑप्ट’चे ऑप्टिमायझेशन होत नाही आणि विकासकाळातील तपासण्या अंतिम कोडमध्ये तशाच राहतात. बिल्ड मात्र कोणतीही कुरकुर न करता पूर्ण होते, आणि दोष बिचाऱ्या ब्राउझरच्या माथी मारला जातो. एवढ्या नेहमीच्या चुकीबद्दल एक ठळक इशारा द्यायला काय हरकत होती?

एक्सेप्शन्सचेही, म्हणजे प्रोग्राम चालताना येणाऱ्या चुका ‘ट्राय’ ब्लॉकमध्ये पकडण्याच्या सोयीचेही, तसेच. जुन्या पद्धतीत ‘ट्राय’ ब्लॉकमधून होणारे, एक्सेप्शन फेकू शकणारे सर्व कॉल जावास्क्रिप्टमार्फत लांबच्या वाटेने जातात. लाखो वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये असा ब्लॉक असल्यास बाकी सारी मेहनत पाण्यात जाते. वेबअसेंब्लीची स्वतःची एक्सेप्शन्स वापरणारा पर्याय उपलब्ध असून, जुन्या ब्राउझरांची सक्ती नसेल तर तोच निवडावा.

प्रतिमा किंवा ध्वनी यांवरील प्रक्रियेसाठी एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या १२८ बिटांच्या सिमड सूचनांचा चांगला लाभ होतो. सफारीने त्यांना २०२३ मध्ये, १६.४ या आवृत्तीत जागा दिली; त्याआधीच्या आयफोनवर असे मॉड्यूल मंद चालत नाही, तर संपूर्णच नाकारले जाते, म्हणून तेथे वेगळे बिल्ड द्यावे लागते. थ्रेड्ससाठी, म्हणजे कामे समांतर चालवण्यासाठी, सर्व्हरने पानासोबत दोन विशेष हेडर (ब्राउझरसाठीच्या सूचना) पाठवावे लागतात आणि त्यांमुळे इतर संकेतस्थळांवरून येणारा मजकूर अडू शकतो, त्यामुळे बाहेरच्या जाहिराती असलेल्या संकेतस्थळांनी थ्रेड्सच्या नादी न लागणेच बरे.

फंक्शनांची नावे राखून ठेवणारा प्रोफाइलिंगचा पर्याय मात्र मनापासून आवडला, कारण क्रोमच्या परफॉर्मन्स पॅनेलमध्ये निरर्थक क्रमांकांऐवजी आपलीच फंक्शने दिसतात आणि वेळ नेमका कुठे खर्च होतो ते कळते.