फ्रेममध्ये फोटो बसवताना: क्लिपिंग मास्क की लेयर मास्क?

फोटोशॉपमध्ये नक्षीदार डिझाइनच्या आत फोटो बसवायचे हे दोन्ही मार्ग मूळ फोटोला धक्का लावत नाहीत, नको तो भाग फक्त झाकतात. इरेझरने कडा खोडत बसण्यापेक्षा दोन्ही कधीही बरे.

डिझाइनमध्ये गोल, बदाम किंवा पान असा ठरलेला आकार असेल, तर मी डोळे झाकून क्लिपिंग मास्क घेतो. आकाराचा लेयर (थर) खाली, फोटो लगेच त्याच्या वर, आणि कंट्रोल, ऑल्ट व जी एकत्र दाबायचे. फोटो आकारापुरताच दिसतो. खरी मजा पुढे आहे: मूव्ह टूलने फोटो सरकवला तरी चौकट जागची हलत नाही, त्यामुळे चेहरा नेमका मधोमध आणता येतो. फोटो बदलायचा झाला तर नवा आणून पुन्हा क्लिप केला की झालं. कोलाजमध्ये तर हाच हवा.

लेयर मास्कला जरा हात बसावा लागतो. हा मास्क फोटोच्या लेयरला जोडलेला असतो आणि त्यावर रंग भरायचा: पांढरा रंग दाखवतो, काळा लपवतो, करडा अर्धवट पारदर्शक करतो. फोटोची कड पार्श्वभूमीत हळूहळू विरघळवायची असेल, किंवा फुलाची एखादी पाकळी खांद्यावरून आलेली दाखवायची असेल, तर मऊ ब्रशने इथेच काम होतं. मात्र फोटो सरकवला की मास्कही सोबत सरकतो. आधी फोटो आणि मास्क यांच्या थंबनेलमधली (छोट्या चित्रांमधली) साखळी क्लिक करून काढा.

आणि हो, दोन्ही एकाच लेयरवर चालतात. आकारासाठी क्लिपिंग, पाकळीसाठी लेयर मास्क.