श्वासाचं चित्रपुस्तक की बिनशब्दांचं?

साताऱ्यातल्या चार-पाच वर्षांच्या मुलासाठी एकच पुस्तक घ्यायचं असेल, तर मी बिनशब्दांचं घेईन. श्वासाच्या पुस्तकात ‘पोट फुगव, हळू सोड’ अशी कृती असते. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून चिडचिडीत ती कामाला येते. पण सराव मूल शांत असतानाच व्हायला हवा. आणि वाचणारा घाईत असेल तर तीही कवायतच.

बिनशब्दांच्या पुस्तकात मूलच वेग ठरवतं. पानावरची मुंगी शोधतं, गोष्ट स्वतः रचतं. अशी नजर तयार झालेलं मूल सप्टेंबरात कासच्या पठारावर नेलं, तर सीतेच्या आसवांची चिमुकली निळी-जांभळी फुलं ते न सांगता वाकून बघतं!

झोपताना मात्र श्वासाचंच पुस्तक काढा. चित्रांत शोधाशोध सुरू झाली की झोप उडते.