फोन लोगोवरच अडकलाय: कॅशे वाईप की फॅक्टरी रीसेट?

अँड्रॉइड फोन चालू करताना लोगोवरच अडकला की लोक घाईघाईत थेट फॅक्टरी रीसेट मारतात आणि मग फोटो गेले म्हणून रडतात, मला खरंच वाईट वाटतं. आधी पॉवर आणि व्हॉल्यूम डाऊन १५-२० सेकंद दाबून धरून जबरदस्तीने रीस्टार्ट करून बघा. नाहीच झालं तर रिकव्हरी मोड, म्हणजे फोन पूर्ण चालू न होताही उघडणारा दुरुस्तीचा मेनू, त्याची बटणं प्रत्येक मॉडेलची वेगळी असतात.

तिथे वाईप कॅशे पार्टिशन असेल तर पहिलं तेच करा. यात फोटो, मेसेज, ॲप कशालाच धक्का लागत नाही, फक्त सिस्टीमच्या तात्पुरत्या फाईल जातात, आणि अपडेटनंतर लगेच अडकायला लागला असेल तर बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं. फक्त बऱ्याच नवीन फोनमध्ये हा ऑप्शनच नसतो.

फॅक्टरी रीसेटने बिघडलेली सेटिंग, त्रास देणारं ॲप, सगळंच साफ होतं म्हणून तो जास्त खात्रीचा, पण इंटरनल स्टोरेजमधलं सगळं जातं आणि डेटा एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात) असल्यामुळे नंतर परत मिळत नाही. शिवाय रिकव्हरीतून रीसेट केलं की फोन आधीचंच गूगल अकाउंट किंवा जुना स्क्रीन लॉक मागतो, पासवर्ड आठवत नसेल तर थांबा. आणि मेमरी चिपच गेली असेल तर दोन्हीचा उपयोग नाही.