स्वस्त मापनयंत्रांची पारख: एक पिवळा मीटर, एक कंपोनंट टेस्टर आणि एक ऑसिलोस्कोप किट

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत देखभाल विभागात नोकरी असल्यामुळे दिवसभर माझ्या हाताशी कॅलिब्रेशनचे स्टिकर लावलेली महागडी उपकरणे असतात. संध्याकाळी इंदिरानगरच्या घरी स्वतःच्या छंदासाठी मात्र तसे काही परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. म्हणून गेल्या आठ महिन्यांत मी तीन स्वस्त उपकरणे घेतली: एम. जी. रोडवरील एका दुकानातून अडीचशे रुपयांचा डीटी-८३०डी हा पिवळा मल्टिमीटर, आणि ऑनलाइन मागवलेला एक कंपोनंट टेस्टर व डीएसओ१३८ हे ऑसिलोस्कोपचे, म्हणजे विजेच्या संकेताचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचे, जोडून बनवायचे किट. तिन्ही मी नियमित वापरली, कारखान्यातील उपकरणांशी पडताळून पाहिली आणि बिघडली तेव्हा उघडून दुरुस्तही केली. त्या अनुभवावर हे परीक्षण आधारलेले आहे.

मीटर देताना दुकानदार म्हणाले, "साहेब, घरच्या कामाला चालेल, पण लाइनवर लावू नका." विकणाऱ्यानेच इतके स्पष्ट सांगावे याचे मला कौतुक वाटले, आणि मीटर उघडल्यावर त्यांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. दहा अँपिअरच्या भोकाला फ्यूजच नाही, मीटरच्या तोंडावर तसे छापलेलेही आहे. प्रोबच्या तारांचे आवरण पातळ आहे, आणि आतल्या तांब्याच्या पट्ट्यांमधील अंतर २३० व्होल्टच्या घरगुती विजेसाठी मला पुरेसे वाटले नाही. २३० व्होल्ट हा परिणामी (आरएमएस) आकडा असून शिखरावर तो सुमारे ३२५ व्होल्ट होतो. लाल प्रोब चुकून दहा अँपिअरच्या भोकात राहिला आणि मीटर फेज-न्यूट्रलला लावला, तर तो थेट शॉर्ट होतो आणि मध्ये थांबवणारे काही नसते. पंपाच्या स्टार्टरपाशी किंवा घरातील बोर्डापाशी हा मीटर नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटांसाठी मात्र याची अचूकता किमतीच्या मानाने खरोखर चांगली आहे. पडताळणीसाठी मी काही रुपयांना मिळणारा टीएल४३१ हा ठरावीक व्होल्टेज देणारा तीन पायांचा संदर्भ-भाग वापरला. त्याचा संदर्भाचा पाय कॅथोडला जोडायचा आणि नऊ व्होल्टची बॅटरी १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून द्यायची, म्हणजे त्याच्या टोकांवर सुमारे २.४९५ व्होल्ट मिळतात. येथे एक बारकावा आहे. साध्या टीएल४३१ची सहनशीलता, म्हणजे छापील आकड्यापासूनचा मान्य फरक, २ टक्के असते, म्हणजे तो स्वतःच या मीटरच्या कबूल केलेल्या अर्ध्या टक्क्यापेक्षा ढिला आहे. त्यामुळे छापील आकड्याशी तुलना करून मीटरला दोष देणे चुकीचे ठरेल. मी आधी तो भाग कारखान्यातील कॅलिब्रेट केलेल्या मीटरवर मोजला, तेथे २.४८७ आले, आणि तो आकडा कागदावर लिहून सर्किटलाच चिकटवला. पिवळ्या मीटरने २० व्होल्टच्या पट्टीवर (मापनाच्या टप्प्यावर) २.४७ दाखवले. त्या पट्टीवर शेवटच्या अंकाची किंमतच ०.०१ व्होल्ट आहे, तेव्हा एवढा फरक मान्य करावाच लागतो.

खरी फसगत बॅटरी उतरू लागली की होते. अशा मीटरांतील ७१०६ जातीची चिप तुलनेसाठी लागणारे स्वतःचे संदर्भ-व्होल्टेज बॅटरीतूनच तयार करते, आणि बॅटरी एका मर्यादेखाली गेली की तो संदर्भ ढासळतो. संदर्भ कमी झाला की मोजलेला आकडा वाढतो, म्हणजे उतरलेल्या बॅटरीचा मीटर सर्व काही प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतो. बॅटरीच्या जागी बदलता येणारा वीजपुरवठा जोडून मी हे पाहिले: ९ पासून ७ व्होल्टपर्यंत आकडा हलला नाही, साडेसहाच्या खाली तो चढू लागला, आणि बॅटरीची खूण मात्र माझ्या नगात त्यानंतर उमटली. ५ व्होल्टच्या रेग्युलेटरवर कोणाला ५.३ दिसत असतील, तर रेग्युलेटर बदलण्याआधी मीटरची बॅटरी बदलावी.

दुसरी मर्यादा आतल्या रोधाची. चांगल्या डिजिटल मीटरचा रोध १० मेगाओहम असतो, याचा फक्त १ मेगाओहम आहे. दोन १ मेगाओहमचे रेझिस्टर ओळीत जोडून त्यांना ९ व्होल्ट द्या. मधल्या बिंदूवर साडेचार व्होल्ट असायला हवेत, पण हा मीटर ३ व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतःच खालच्या रेझिस्टरला समांतर जोडला जातो. १० मेगाओहमचा मीटर त्याच ठिकाणी सुमारे ४.२९ दाखवतो. म्हणजे चूक त्याचीही होते, फक्त लहान. मातीतील ओलावा मोजणाऱ्या किंवा स्पर्शाने चालणाऱ्या सर्किटांत मोठे रेझिस्टर असतात, आणि तेथे या मीटरच्या आकड्यावरून दोष शोधत बसल्यास संध्याकाळ वाया जाते. पावसाळ्यात याची निवडीची गोल कळ त्रास देते. आकडे थरथरू लागले तर मागचे झाकण काढून तांब्याच्या वर्तुळाकार पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. आतील छोटा पोटेन्शिओमीटर मात्र विश्वासाचा संदर्भ हाती असल्याशिवाय मुळीच फिरवू नये.

तिन्हींत मला सर्वाधिक समाधान कंपोनंट टेस्टरने दिले. आपल्याकडे टेस्टर म्हटले की निऑनचा दिवा असलेला स्क्रूड्रायव्हर समजला जातो, म्हणून पूर्ण नाव वापरतो. एटीमेगा३२८ या मायक्रोकंट्रोलरवर (एका चिपमधील छोट्या संगणकावर) चालणाऱ्या या उपकरणाचे मूळ जर्मनीतील मार्कुस फ्रेयेक यांच्या खुल्या प्रकल्पात आहे, आणि कार्ल-हाइन्झ क्युबेलर यांनी ते पुढे पुष्कळ वाढवले. तीन टोकांना अनोळखी भाग लावून बटण दाबले की हे यंत्र ६८० ओहम आणि ४७० किलोओहमच्या रेझिस्टरांमधून निरनिराळ्या जोड्या तपासते आणि ट्रान्झिस्टर कोणत्या जातीचा, त्याचा कोणता पाय कोणता, कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा, हे काही सेकंदांत दाखवते.

याचे मोल जुन्या कपॅसिटरपाशी कळते. बंद पडलेल्या एका एलईडी ड्रायव्हरमधील ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर याने ४३१ दाखवला, म्हणजे धारकतेवरून तो निरोगीच वाटावा. पण त्याच्या खाली ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा अंतर्गत रोध, ४.२ ओहम होता, जिथे तो एका ओहमच्या बराच खाली असायला हवा होता. कपॅसिटर बदलताच ड्रायव्हर चालू झाला. साध्या मीटरने हा दोष कधीच सापडला नसता.

नवे यंत्र आल्यावर प्रथम तिन्ही टोके तारेने एकत्र जोडून बटण दाबावे, म्हणजे ते स्वतःची तपासणी सुरू करते. पुढे सांगितल्यावर तार काढावी आणि १ व ३ या टोकांमध्ये १०० नॅनोफॅरडपेक्षा मोठा चांगला फिल्म कपॅसिटर लावावा. हे न करता लहान कपॅसिटर किंवा ईएसआर मोजल्यास आकड्यांत यंत्राचा आणि तारांचाच वाटा मिसळतो.

मर्यादा दोन लक्षात ठेवाव्यात. यंत्र ५ व्होल्टवर चालते आणि ६८० ओहममधून जेमतेम ७ मिलिअँपिअर देऊ शकते, म्हणून बीटीए४१ सारखा मोठा ट्रायॅक (एसी विजेची इलेक्ट्रॉनिक कळ) किंवा गेटला, म्हणजे नियंत्रणाच्या पायाला, ५ व्होल्टहून अधिक लागणारा आयजीबीटी (मोठ्या शक्तीचा ट्रान्झिस्टर) पूर्ण चांगला असूनही त्याला ओळखू येत नाही. आत रेझिस्टर आणि डायोड असलेल्या ट्रान्झिस्टरबद्दलही ते चुकीचा निष्कर्ष देते. "भाग खराब" असे दिसले म्हणून असे भाग फेकू नयेत. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे: भारित कपॅसिटर लावला तर मायक्रोकंट्रोलर तत्क्षणी जातो. माझा पहिला नग असाच गेला, आणि आता प्रत्येक कपॅसिटर मी आधी १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून रिकामा करतो.

डीएसओ१३८ किट ज्याला सोल्डरिंग आणि दोष शोधणे शिकायचे आहे त्याने अवश्य घ्यावे. ज्याला फक्त तयार ऑसिलोस्कोप हवा आहे त्याने थोडे पैसे साठवून वेगळे काही पाहावे. मूळ आराखडा जेवायई टेकचा आहे आणि बाजारात नकला पुष्कळ आहेत. आत एसटीएम३२एफ१०३ मायक्रोकंट्रोलर, सेकंदाला १० लाख नमुने (संकेताची मोजमापे) आणि २०० किलोहर्ट्झची बँडविड्थ, म्हणजे दाखवता येणाऱ्या वारंवारतेची मर्यादा. २०० किलोहर्ट्झचा चौकोनी संकेत लावला तर प्रत्येक आवर्तनाला पाचच नमुने मिळतात आणि चौकोन गोलसर दिसतो, तो दोष सर्किटचा नसतो. ९६०० बॉडचा (सेकंदाला ९६०० बिटांचा) सिरीयल संकेत मात्र सुरेख दिसतो, कारण एका बिटला १०४ नमुने येतात.

किटमधील रेझिस्टर निळ्या अंगाचे आणि पाच पट्ट्यांचे आहेत, त्यावरील तपकिरी, लाल आणि नारिंगी रंग ट्यूबलाइटच्या उजेडात सारखेच दिसतात. प्रत्येक रेझिस्टर मोजूनच लावावा. पुढे मापनाच्या एका टप्प्यावर व्होल्टेज बरोबर आणि दुसऱ्या टप्प्यावर चूक दिसू लागले, तर पहिला संशय अदलाबदल झालेल्या रेझिस्टरवरच घ्यावा. पडदा जोडण्यापूर्वी टीपी२२ या बिंदूवर ३.३ व्होल्ट आहेत याची खात्री करून मगच जेपी४ हा जोड सोल्डरने शॉर्ट करायचा असतो. हा टप्पा गाळू नये, कारण येथे चूक असली तर मायक्रोकंट्रोलर जातो.

माझ्या नगात पडदा उजळला, पण रेषा तळाशी चिकटून बसली आणि कोणत्याही बटणाने हलेना. ३.३ आणि धन ५ व्होल्ट ठीक होते. ऋण ५ व्होल्टच्या ठिकाणी जवळजवळ शून्य होते. ऋण पुरवठा नसला की पुढचे ऑपॲम्प (संकेत वाढवणाऱ्या चिपा) रेषेला एका बाजूला ढकलून ठेवतात. भिंगातून पाहिल्यावर त्या भागातील डायोडच्या एका पायाला ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, दिसले, ते पुन्हा तापवताच रेषा मध्यावर आली. निवडीची कळ जीएनडीवर ठेवून, व्हीपॉस (रेषेची उभी जागा) निवडून ओके बटण दोन सेकंद दाबल्यावर तिचे शून्यही जुळले.

त्यानंतर बोर्डावरच मिळणारा १ किलोहर्ट्झचा चाचणी-संकेत लाल चिमट्याला देऊन सी४ आणि सी६ हे दोन ट्रिमर (फिरवून जुळवायचे छोटे कपॅसिटर) जुळवावेत. कोपरे टोकदार होईपर्यंत प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने हलके फिरवावे. लोखंडी पाते जवळ येताच आकार बदलतो आणि हात काढल्यावर जुळवणी हुकते. काळा चिमटा बोर्डाच्या ग्राउंडला थेट जोडलेला आहे आणि प्रवेशाची मर्यादा ५० व्होल्ट आहे, म्हणून घरातील विजेवर हा स्कोप बॅटरीवर चालवूनही लावू नये. तसे केल्यास संपूर्ण बोर्डच जिवंत होतो.

शेवटी उरली रेषेवरची केसाळ गडबड, जी मी आठवडाभर सर्किटची समजत होतो. प्रोब सर्किटपासून सोडवला तरी ती तशीच राहिली, तेव्हा संशय स्वस्त ९ व्होल्टच्या ॲडाप्टरवर गेला. त्याच्या जागी ट्रान्सफॉर्मर असलेला जुना, जड ॲडाप्टर लावला आणि रेषा स्वच्छ झाली. आता टीव्हीच्या रिमोटमधून निघणारा ३८ किलोहर्ट्झचा संकेत त्यावर एकेका आवर्तनासह मोजता येतो.