लातूरचं करिअर काउन्सेलिंग सेंटर: टेस्टला शून्य, सरांना पूर्ण मार्क (★★★☆☆)

पोरीला लेझरवर रिसर्च करायचाय, अन् लातुरात असं बोललं की समोरचा आधी नीटचेच मार्क विचारतो, म्हणून इथं घेऊन गेलो. आधी कॉम्प्युटरवर टेस्ट घेतात अन् रंगीत रिपोर्ट देतात, तो काही कामाचा नाही.

पण नंतर फिजिक्सवाले सर बसतात ना, ते लय भारी. बीएस्सी फिजिक्स, मग जॅम (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) देऊन एमएस्सी, मग नेट नाहीतर गेट ही परीक्षा अन् पीएचडी, म्हणजे बारावीनंतर दहाएक वर्षं धरूनच चला म्हणले, पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं रिसर्चचं काम, वेगळं. इंजिनिअरिंगकडूनबी जाता येतं, सी. कुमार पटेल बघा, जन्म बारामतीचा, शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, अन् १९६४ मधी अमेरिकेत बेल लॅबमधी कार्बन डायऑक्साइड लेझर काढला, आज वर्कशॉपमधी अ‍ॅक्रिलिक कापतात तोच. इंदूरचं आरआरकॅट (लेझरवर काम करणारी सरकारी संस्था), कोचीचं कुसॅट (विद्यापीठ), ही नावं मला तिथंच कळाली. आपल्या हिंगोलीत औंढ्याकडं लायगो इंडिया ही वेधशाळा होणार, ४-४ किलोमीटरच्या नळ्यांतून लेझर सोडून गुरुत्वीय लहरी पकडणार, हे ऐकून आमच्या आई म्हणल्या मग पोरगी घरी राहूनच करंल की सायन्स!

पैशाचं मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत. जेआरएफ (पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० मिळतात, हे आधीच सांगायला पायजे, आमच्यासारख्या घरात तोच पहिला प्रश्न असतो.

काउंटरवरचा पोरगा प्रीमियम पॅकेज गळ्यात मारायला बघतो, घेऊ नका, नुसती सरांची वेळ मागा.