प्रिन्सेस स्ट्रीटवरचा स्प्रिंग लाँचर: यंत्र चांगलं, पत्रक बाजूला ठेवा

अकरावीच्या प्रोजेक्टाईल मोशनच्या (फेकलेल्या वस्तूच्या गतीच्या) प्रयोगासाठी मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या सायंटिफिक दुकानांत तीन खाचांचा स्प्रिंग लाँचर मिळतो. दांड्याने स्प्रिंग दाबून खाचेत अडकवायची आणि सोडली की नळीतून गोळी उडते, असं हे यंत्र. कॉलेजच्या लॅबसाठी तो जरूर घ्यावा. फक्त सोबतच्या पत्रकावर विसंबू नये.

यातली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे नळी जिच्यावर फिरते ती खीळ नळीच्या तोंडाशीच आहे. कोन बदलला तरी गोळी सुटण्याची उंची तीच राहते. खीळ मागच्या टोकाला असलेल्या मॉडेलात दर कोनाला उंची नव्याने मोजावी लागते, आणि वर्गाच्या घाईत ती कोणी मोजत नाही. गोळी स्टीलची आहे, त्यामुळे एवढ्या वेगाला हवेचा अडथळा सोडून दिला तरी चालतो. प्लास्टिकची दिली तर बदलून घ्या.

आता पत्रक. ४५ अंशाला पल्ला (गोळी आडवी जाते ते अंतर) सर्वाधिक, ३० आणि ६० अंशांना सारखा, असं त्यात छापलंय. गोळी सुटली त्याच पातळीवर पडली तरच हे खरं. आकृतीत मात्र लाँचर टेबलावर आणि गोळी पडल्याची खूण उमटवणारा कार्बन पेपर जमिनीवर! उंची ७५ सेंमी आणि वेग सेकंदाला ३.५ मीटर धरून गणित करा: ३० अंशाला १.८५ मीटर, ४५ ला १.७८, ६० ला जेमतेम १.४२. सर्वाधिक पल्ला येतो ३४ अंशांच्या आसपास. ३० अंशाच्या गोळीचा आडवा वेग जास्त असतो, शिवाय टेबलाच्या पातळीवर परत येताना तिचा खालच्या दिशेचा वेग कमी असल्याने तिथून जमिनीपर्यंत तिला वेळही जास्त मिळतो. हे न सांगितल्यामुळे मुलं बरोबर आलेले आकडे खोडून जर्नलमध्ये पुस्तकातले उतरवतात. याचं फार वाईट वाटतं.

उपाय सोपा आहे. पडण्याच्या जागी स्टुलावर खोका ठेवून त्याचा माथा नळीच्या तोंडातल्या गोळीच्या तळाशी समपातळीत आणा. वेग तोच धरला तर ३० आणि ६० दोन्हींना १.०८ मीटर यायला हवेत, ४५ ला १.२५. तरीही ६० चा पल्ला थोडा कमीच भरेल. स्प्रिंगला नळीतच गोळी वर उचलावी लागते आणि कोन वाढला की हे काम वाढतं. स्प्रिंग ५ सेंमी दाबली जात असेल तर फरक सुमारे ३ सेंमीचा. हुशार मुलांना हे जरूर विचारा.

वेग काढताना नळी आडवी ठेवा. तोंडातून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा, उंची गोळीच्या तळापासून मोजा. ७५ सेंमीला वेळ ०.३९ सेकंद (गुरुत्व त्वरण, म्हणजे जी, मुंबईत ९.७९ धरा). पल्ला भागिले वेळ, झाला वेग. पांढरा कागद टेपने चिकटवा, कार्बन काळी बाजू खाली करून त्यावर नुसता ठेवा. पहिले दोन-तीन बार मोजू नका.

कोनमापकाचा दोरा जाड आहे, पंख्याखाली हलतो. पंखा बंद करा. खोक्याच्या मांडणीत ३० अंशाला २ अंशांची चूक म्हणजे पल्ल्यात जवळजवळ ४ टक्के, ४५ ला तीच चूक जाणवतही नाही. सोबतचा क्लॅम्प अगदीच लहान आहे, दणक्याने बूड सरकतं आणि ठिपके पसरतात. नागदेवी स्ट्रीटवरून ४ इंची सी-क्लॅम्प आणा. चष्मे हवेतच, आणि भरलेल्या नळीत कोणी डोकावणार नाही हे बघा.

पावसाळ्यात स्प्रिंग गंजते, दांडा अडकतो, वेग घटतो. जूनआधी मशीन ऑईलचा पातळ हात द्या, गोळ्या पुसून डबीत ठेवा. घेताना दुकानातच तिन्ही खाचांवर दाबून बघा. तिसऱ्या खाचेवरून दांडा आपोआप सुटत असेल तर तो नग घेऊ नका.