तिसऱ्या रविवारनंतर रंगत गेलेली नाट्यलेखन कार्यशाळा

बेळगावच्या टिळकवाडीतील एका हौशी नाट्यसंस्थेने यंदाच्या पावसाळ्यात दर रविवारी सकाळी नाट्यलेखनाची कार्यशाळा घेतली. तिला मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर होतो. शुल्क दोन हजार रुपये होते आणि त्यातच चहा-नाश्ता धरलेला होता. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे आणि निपाणी, खानापूर, चिकोडीकडचे लोकही तिची चौकशी करीत आहेत, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहितो. ज्याच्या हाताशी स्वतः लिहिलेला नाटकाचा एखादा कच्चा प्रवेश आहे, त्याने या कार्यशाळेला जरूर जावे. ज्याच्या मनात नाटक लिहिण्याची केवळ हौस आहे, त्याने आधी सार्वजनिक वाचनालयातून आठ-दहा नाटके आणून वाचावीत आणि मगच पैसे भरावेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरलेल्या या शहरात नाटक पाहणाऱ्यांची आणि करणाऱ्यांची वाण नाही. वाण आहे ती लिहिणाऱ्यांची. त्यामुळे असा उपक्रम कोणी अंगावर घेतला, याचे कौतुक आधीच नोंदवून ठेवतो.

पहिले दोन रविवार संस्कृत नाट्यशास्त्रात गेले. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण हे पाच संधी (कथानकाचे टप्पे), बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य या पाच अर्थप्रकृती (कथानक पुढे नेणारे घटक), शिवाय आरंभापासून फलागमापर्यंतच्या, म्हणजे फळ हाती येईपर्यंतच्या, पाच अवस्था, हे सारे फळ्यावर तक्ता काढून सांगण्यात आले आणि सर्वांनी ते वहीत उतरवून घेतले. विषय महत्त्वाचा आहे, परंतु नुसती नावे पाठ करून कोणाला प्रवेश लिहिता आल्याचे माझ्या पाहण्यात नाही. शिकवणाऱ्यांनाही ते जाणवले असावे, कारण तिसऱ्या रविवारी त्यांनी फळा पुसला आणि विजय तेंडुलकरांचे १९६७ सालचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ समोर ठेवले. कार्यशाळेला खरी रंगत आली ती तेथून.

त्या नाटकाच्या आरंभी गावातला सामंत नायिका बेणारेबाईंना सभागृह दाखवतो. दाराची कडी नीट सरकवली नाही तर दार बाहेरून बंद होऊन माणूस आत अडकतो, हे तो बोलता बोलता सांगून जातो आणि बाईंचे बोटही त्या कडीत चेमटलेले असते. प्रेक्षक हसतो आणि विसरतो. पुढे खेळ म्हणून सुरू झालेल्या अभिरूप खटल्याला धार येते, बाई तेथून निघून जाऊ पाहतात, आणि दार उघडत नाही. कोणीही मुद्दाम दार लावलेले नसते, तरीही त्या कोंडल्या जातात. ही कडी नसती तर लेखकाला एखाद्या पात्राकडून बाईंना अडवावे लागले असते आणि सारा प्रसंग ढोबळ झाला असता. बीज कशाला म्हणतात, ते कोठे पेरायचे आणि पेरताना प्रेक्षकाचे लक्ष दुसरीकडे कसे वळवायचे, हे दोन रविवारच्या तक्त्यांपेक्षा त्या एका कडीने अधिक स्पष्ट केले. त्यानंतर प्रत्येकाला आपापल्या लेखनातील अशी एक वस्तू शोधून आणण्यास सांगितले गेले. बहुतेकांच्या लेखनात वस्तूच नव्हत्या, केवळ बोलणारी माणसे होती, ही गोष्ट त्या दिवशी सर्वांसमोर उघड झाली.

कार्यशाळेचा गाभा म्हणावा असा भाग संवाद कापण्याचा होता. पद्धत अशी की, दोन्ही पात्रांना आधीपासून ठाऊक असलेली माहिती ज्या वाक्यात आहे, ते वाक्य लाल पेन्सिलीने खोडायचे आणि उरलेल्या वाक्यांखाली ते पात्र त्या क्षणी समोरच्याकडून काय मिळवू पाहत आहे, एवढेच लिहायचे. वडगावच्या एका तरुणाने विणकराच्या घराच्या वाटणीवर प्रवेश लिहिला होता. शहापूर-वडगावात हातमाग-यंत्रमागावर वाढलेल्या पिढीला हा विषय परका नाही. त्याच्या पहिल्या खर्ड्यात धाकटा भाऊ म्हणत होता, “दादा, बाबांना जाऊन वर्ष झालं, तुम्ही घर विकायला तयार नाही आणि मला पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते भरायचे आहेत.” त्यावर थोरला उत्तर देत होता, “याच घरात बाबांनी माग चालवून आपल्याला शिकवलं, हे तू विसरलास.” खोडण्याचे काम संपल्यावर या दोन वाक्यांतील काहीच शिल्लक राहिले नाही. मग शिकवणाऱ्यांनी धाकट्या भावाच्या हाती मोजपट्टी दिली आणि तरुणाने तेथेच बसून नवा मजकूर लिहिला:

धाकटा : ते टोक धरा की जरा.
थोरला : कशाला?
धाकटा : धरा तर.
(थोरला टोक धरतो. धाकटा टेप ओढत दुसऱ्या भिंतीपर्यंत जातो.)
थोरला : माग कुठं हलवायचा मग?
धाकटा : चौदा फूट.

हप्ते, पुणे, वर्षश्राद्ध यांपैकी कशाचाही उल्लेख येथे नाही. तरीही घर विकायला निघाले आहे, थोरल्याने नकळत त्याला हात लावला आहे आणि त्याच्या प्रश्नाला धाकट्याने उत्तर दिलेले नाही, एवढे सगळे प्रेक्षकाला दिसते. मला विशेष वाटले ते या प्रवेशातील टेप धरण्याच्या कृतीचे, कारण विरोध करणारा माणूसच विक्रीला मदत करीत उभा आहे. हा ताण कितीही पल्लेदार भाषण लिहून आणता आला नसता. भाषणाला माझा सरसकट विरोध नाही. राम गणेश गडकऱ्यांची पात्रे पानभर बोलतात आणि आजही ऐकावीशी वाटतात. मात्र ती बोलत असताना काहीतरी घडत असते, आणि हा फरक शिकवणाऱ्यांनी आणखी उलगडून सांगायला हवा होता. त्यांनी तो एका वाक्यात उरकला, त्यामुळे काही मंडळी यापुढे तुटक संवाद म्हणजेच चांगले संवाद अशी समजूत घेऊन लिहितील, अशी भीती वाटते.

प्रत्येक प्रवेश शहरातील अनुभवी नटांकडून मोठ्याने वाचून घेतला जाई आणि लेखकाने त्या वेळी तोंड उघडायचे नाही, असा दंडक होता. कागदावर ठसकेबाज वाटणारे वाक्य नटाच्या श्वासात बसत नाही आणि तो ते मध्येच तोडतो. ज्या ठिकाणी तो तोडतो, तेथेच बहुधा वाक्य संपायला हवे असते. ‘ज्यांच्यामुळे’, ‘त्याचप्रमाणे’ असले शब्द कोणाच्याही तोंडी शोभत नाहीत, हेही ऐकूनच कळते. एका एकांकिकेत वडील आत जातात आणि लगेच दुसऱ्या प्रवेशात तरुणपणीच्या वेशात परत येतात. नटाने वाचन थांबवून शांतपणे विचारले, “कपडे कधी बदलू?” त्या प्रश्नावर हशा पिकला, पण मधल्या जागेत मोलकरणीचा एक नवा, उपयोगी संवाद जन्माला आला, तो त्याच प्रश्नातून.

एक रविवार नेपथ्य सांभाळणाऱ्या एका ज्येष्ठ रंगकर्मींनी घेतला. बेळगावहून कोल्हापूरला एकांकिका न्यायची तर सारे सामान एका टेम्पोत बसले पाहिजे, स्पर्धेत रंगमंच लावायला मोजकीच मिनिटे मिळतात आणि लेखकाने सहज लिहिलेल्या ‘स्थळ : रेल्वे स्थानक’ या तीन शब्दांची किंमत संस्थेला कशी मोजावी लागते, हे त्यांनी हिशेबासह सांगितले. स्थळ बदलायचे असेल तर आधी प्रकाशाने बदला, ते जमले नाही तर एका वस्तूने, आणि तेही जमत नसेल तर तो प्रवेश खरोखर हवा आहे का ते तपासा, असा त्यांचा क्रम होता. कार्यशाळेतील सर्वांत उपयुक्त तास हाच, असे माझे मत आहे, आणि तो सुरुवातीला ठेवला असता तर अर्ध्या संहिता वेगळ्या लिहिल्या गेल्या असत्या.

व्यवहाराचा भागही चांगला झाला. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, त्यामुळे १९१६ साली निवर्तलेल्या नाटककार गो. ब. देवलांचे किंवा १९१९ साली गेलेल्या गडकऱ्यांचे नाटक कोणीही करू शकतो, पण २००८ साली गेलेल्या तेंडुलकरांच्या नाटकासाठी परवानगी घ्यावीच लागते, हे उदाहरणांनी समजावले. महाराष्ट्रात जाहीर प्रयोग करायचा असल्यास संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, ही बाब सीमेपलीकडे प्रयोग नेणाऱ्या आपल्याकडील संस्थांना ठाऊक असणे आवश्यकच आहे.

आता ज्याबद्दल माझी तक्रार आहे त्याकडे वळतो. मार्गदर्शक बाहेरगावाहून आलेले होते आणि शिकवायला उत्तम होते, परंतु आपण कोणत्या भूमीत उभे आहोत याचे भान त्यांच्या आखणीत दिसले नाही. १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. ‘जोकुमारस्वामी’ लिहिणारे आणि पुढे ज्ञानपीठाचे मानकरी झालेले चंद्रशेखर कंबार घोडगेरीचे. ‘श्रीकृष्ण पारिजात’ हा नृत्य-गायनाचा कन्नड खेळ गोकाकच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, आणि त्यात कृष्णाशी सतत बोलत राहणारा, प्रेक्षकांच्या वतीने शंका काढणारा भागवत, म्हणजे सूत्रधार, हा लेखनतंत्राचा केवढा तरी मोठा धडा. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती, हे तर मराठी रंगभूमीच्या इतिहासाचे पहिलेच पान आहे. यांपैकी कशाचाही उल्लेख झाला नाही. पुण्यात किंवा नाशकात घेतली असती तरी कार्यशाळा अक्षरशः हीच राहिली असती.

याचा परिणाम भाषेवर झाला. आपल्याकडील माणूस घरात मराठी बोलतो, भाजीवालीशी कन्नडमध्ये घासाघीस करतो आणि रिक्षावाल्याशी हिंदीत भांडतो, आणि यात त्याला काही विशेष वाटत नाही. एका सहभागी बाईंनी रविवार पेठेतील दुकानाचा प्रवेश लिहिताना हे सर्व जसेच्या तसे उतरवले होते. स्पर्धेच्या परीक्षकांना कन्नड कळणार नाही या कारणाने ती वाक्ये वगळण्याचा सल्ला त्यांना मिळाला. नेमके येथेच घोडे पेंड खाते. कन्नड वाक्य प्रेक्षकाला शब्दशः कळण्याची गरज नसते. त्यावर मराठी पात्राने काय केले, पैसे मोजता मोजता हात थांबवला की पिशवी उचलली, यावरून अर्थ पोचतो, आणि हेच तंत्र तर टेपच्या प्रवेशात आम्हाला शिकवले गेले होते. स्वतःच शिकवलेली गोष्ट येथे वापरून दाखवण्याची चांगली संधी मार्गदर्शकांनी दवडली. बाईंनी वाक्ये ठेवली आहेत, हे जाता जाता सांगतो, आणि वाचनाच्या वेळी सर्वाधिक दाद त्याच प्रवेशाला मिळाली.

दुसरी तक्रार संहितांवरील लेखी अभिप्रायाची. माहितीपत्रकात ‘प्रत्येक संहितेवर सविस्तर टिपण’ असे आश्वासन होते. प्रत्यक्षात हाती आला तो एकेका ओळीचा शेरा. शेवटच्या दोन सत्रांत अंकाची बांधणी आणि शेवट हे दोन्ही विषय घाईघाईने गुंडाळले गेले. दोन अंकी नाटक लिहिण्याची ज्याची इच्छा आहे, त्याच्या पदरी त्यातून फारसे काही पडणार नाही. एकांकिका लिहिणाऱ्याचे मात्र दोन हजार वसूल होतात. सभागृह हवेशीर आहे, पण पत्र्यावर पाऊस पडू लागला की मागच्या रांगेत काही ऐकू येत नाही, तेव्हा पुढे बसावे.

संस्थेने पुढील तुकडीत टिपणाचे आश्वासन पाळावे आणि एखादा रविवार पारिजात करणाऱ्या कलाकारासाठी राखून ठेवावा, असे मी लेखी कळवले आहे. नाव नोंदवणाऱ्यांनी आपला प्रवेश दोन ओळींमध्ये मोकळी जागा सोडून लिहावा आणि जितकी पात्रे तितक्या प्रती घरूनच काढून आणाव्यात, कारण रविवारी त्या बाजूचे झेरॉक्सचे दुकान बंद असते.